इमारतींचे ऊर्जा-मूल्यमापन शिकताय? कोकणात काम करताना या चुका टाळा

इमारतींचे ऊर्जा-मूल्यमापन शिकवणारे बहुतेक साहित्य एक विशिष्ट इमारत गृहीत धरते: खिडक्या बंद, आत वातानुकूलन, वापर बारमाही. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात अशी इमारत मुद्दाम शोधावी लागते. येथे घर उघडे असते, भिंत सहा महिने ओली असते आणि मालक पुष्कळदा मुंबईत असतो. म्हणून प्रशिक्षणात शिकलेली रीत जशीच्या तशी लावली की गणित सुबक होते, अहवालही देखणा होतो, आणि निष्कर्ष मात्र चुकतो. नव्याने या कामात उतरणाऱ्या अभियंते, वास्तुविशारद आणि पदविकाधारकांच्या अहवालांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका आणि त्या कशा ओळखाव्यात व दुरुस्त कराव्यात, याचा विचार येथे केला आहे.

प्रमाणपत्राविषयीचा गैरसमज

पहिली चूक कामाच्याही आधी होते. दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र हाती आले की आपण ऊर्जा लेखापरीक्षक झालो, अशी समजूत होते. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ अन्वये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची राष्ट्रीय परीक्षा ही वेगळी गोष्ट आहे. तीत ऊर्जा व्यवस्थापकासाठी तीन प्रश्नपत्रिका असतात आणि लेखापरीक्षकासाठी उपकरणांच्या कामगिरीच्या मूल्यमापनाची चौथी प्रश्नपत्रिका द्यावी लागते. परीक्षा उत्तीर्ण झालेला ‘प्रमाणित’ लेखापरीक्षक आणि अनुभवाच्या निकषावर ब्युरोने मान्यता दिलेला ‘अधिस्वीकृत’ लेखापरीक्षक यांच्यातही फरक आहे; अधिनियमाखालील सक्तीचे लेखापरीक्षण दुसऱ्याच प्रकारच्या व्यक्तीकडून करून घ्यावे लागते. गावातील शाळेला किंवा होमस्टेला सल्ला देण्यासाठी यातले काहीच सक्तीचे नाही, पण आपल्या सहीला नेमका किती अर्थ आहे हे अहवालाच्या पहिल्या पानावर स्पष्ट लिहावे. राज्यात या अधिनियमाची नियुक्त संस्था ‘महाऊर्जा’ आहे. शंका असल्यास तेथे विचारणे श्रेयस्कर.

वीजबिलाचे वाचन

माझ्या मते कोकणातील निम्म्याहून अधिक चुका बिलातच दडलेल्या असतात, आणि प्रशिक्षणवर्गांत मात्र या विषयाला अर्धा तासही मिळत नाही.

वर्षभराचे युनिट घ्यावेत, त्यांना बांधीव क्षेत्रफळाने भागावे आणि दर चौरस मीटरला वार्षिक वापर किती ते काढावे, हा ऊर्जा कामगिरी निर्देशांक सर्वांना पाठ असतो. आता चाकरमान्याचे घर घ्या. ते गणपतीत दहा दिवस, शिमग्याला आठवडाभर आणि मे महिन्यात उघडते. उरलेल्या काळात कुलूप. अशा घराचा निर्देशांक इतका कमी येतो की ते आदर्श ठरावे, आणि त्याच वेळी मे महिन्यात त्याच घरातील माणसे छताखाली भाजून निघत असतात. घर कुलूपबंद असताना मीटरचे वाचन झाले नाही तर बिल सरासरीने लागते आणि पुढे कधीतरी त्याची दुरुस्ती होते. त्यामुळे मासिक आलेखात दिसणारा उंचवटा खऱ्या वापराचा असेलच असे नाही. उपाय सोपा आहे: किमान दोन वर्षांची बिले घ्यावीत, प्रत्येक बिलावरील मागील व चालू वाचन पाहावे, सरासरीचे महिने बाजूला काढावेत आणि घर किती दिवस उघडे होते ते शेजाऱ्याला किंवा घर सांभाळणाऱ्याला विचारून निर्देशांक ‘वापराच्या दर दिवसाला’ असाही मांडावा. हंगामी होमस्टेसाठी ‘दर भरलेल्या खोलीमागे, दर रात्री’ हा हिशेब अधिक बोलका ठरतो.

याच्या नेमकी उलट चूक वाडीच्या पंपामुळे होते. नारळी-पोफळीच्या वाडीचे शिंपणे पुष्कळ ठिकाणी घरगुती मीटरवरच चालते. एक अश्वशक्तीचा पंप साधारण एक किलोवॅट वीज ओढतो असे धरले आणि तो पाऊस उघडल्यानंतरचे आठ महिने रोज तीन तास चालला, तर सुमारे ७२० युनिट त्यातच जातात. १२० चौरस मीटरच्या घराचे वार्षिक बिल १४०० युनिटांचे असेल, तर त्यातला निम्मा वापर इमारतीचा नव्हेच; तो बागेचा आहे. पंपाची वेगळी नोंद न करता ‘दिवे बदला, पंखे बदला’ असे सुचवणे म्हणजे भलत्याच खात्यात बचत शोधणे होय.

क्षेत्रफळाचा घोळ तर ठरलेलाच. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावरील चौरस फूट हेच चौरस मीटर समजून भागाकार केला की उत्तर दहापटीहून अधिक बिघडते (एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट), शिवाय पडवी, ओटी आणि पोटमाळा त्यात धरले आहेत की नाहीत हे उताऱ्यावरून कळतेच असे नाही. फीत घेऊन स्वतः मोजावे.

छतावर सौर पॅनेल असेल तर बिलावरील निव्वळ युनिट हा वापर नसतो. खरा वापर म्हणजे ग्रिडमधून घेतलेले युनिट, अधिक सौर निर्मिती, वजा ग्रिडला दिलेले युनिट. निर्मितीचा आकडा सौर मीटरवरून किंवा इन्व्हर्टरवरून घ्यावा लागतो. उच्चदाब जोडणी असलेल्या रिसॉर्टचे बिल १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचमध्ये (किलोव्होल्ट-अँपिअर-तासांत) येते. तो आकडा किलोवॅट-तास, म्हणजे युनिट, समजून वापरला आणि पॉवर फॅक्टर (किलोवॅट-तास भागिले केव्हीएएच) ०.९ असला, तर वापर सुमारे ११ टक्क्यांनी फुगतो.

आणि बिलात न दिसणारी ऊर्जा? बंबात किंवा चुलीवर तापणारे अंघोळीचे पाणी, गॅस, जनरेटरचे डिझेल यांची नोंद नसेल तर ‘या घरात पाणी तापवण्यासाठी वीज लागत नाही’ हे वाक्य कौतुकाने लिहिले जाते आणि रोज जळणारी नारळाची सोडणे व लाकडे हिशेबाबाहेर राहतात.

उपकरणे योग्य असली तरी वाचन चुकते

तारेभोवती पकडून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर शून्य दिसत असेल, तर बहुधा फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकत्र पकडलेल्या असतात. एकच तार पकडावी. मिळालेल्या अँपिअरला २३० ने गुणून ‘वॅट’ लिहिणे ही त्यापुढची चूक, कारण तो गुणाकार व्होल्ट-अँपिअर देतो. पंप, जुने पंखे आणि फ्रिज यांच्या बाबतीत पॉवर फॅक्टर मोजल्याशिवाय वॅट कळत नाहीत. मुळात २३० हा आकडाही गृहीत धरू नये. वाहिनीच्या टोकाला असलेल्या वाडीत संध्याकाळी दाब २०० व्होल्टवर आला, तर २००० वॅटचा गीझर साधारण १५०० वॅटच घेतो आणि तेवढेच पाणी तापवायला जास्त वेळ लावतो. पाटीवरचे वॅट गुणिले तास असा हिशेब केला की बिल आणि सर्वेक्षण जुळत नाही, मग ‘मीटर जलद चालतो’ किंवा ‘मंद चालतो’ असे तर्क सुरू होतात. आधी दाब मोजा. इन्व्हर्टर एसीचे एका क्षणाचे वाचन तर निरुपयोगीच असते. त्याला किमान चोवीस तास डेटा लॉगर, म्हणजे सतत नोंद ठेवणारे उपकरण, लावावे.

पृष्ठभागाचे तापमान रंगांत दाखवणारा औष्णिक कॅमेरा हे सध्याचे लाडके उपकरण आहे, आणि त्याच्यामुळेच सर्वांत आकर्षक चुका होतात. नवा, चकचकीत पत्रा स्वतःचे तापमान दाखवत नाही. त्याची उत्सर्जनक्षमता, म्हणजे स्वतःची उष्णता किरणांवाटे बाहेर टाकण्याची क्षमता, कमी असल्यामुळे तो आकाशाचे किंवा समोरच्या वस्तूचे प्रतिबिंब दाखवतो. दुपारी हाताला चटका देणारा पत्रा पडद्यावर गार निळा दिसला, तर कॅमेरा बिघडलेला नाही. पत्र्यावर काळ्या विद्युत-चिकटपट्टीचा तुकडा लावावा, तो पत्र्याइतका तापू द्यावा आणि उत्सर्जनक्षमता ०.९५ च्या आसपास ठेवून त्या तुकड्याचे तापमान घ्यावे.

जांभ्याच्या भिंतीवरील गार डाग हाही असाच फसवा. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो आणि पाऊस उघडल्यावर बाष्पीभवनाने गार पडतो. हा डाग फटीतून येणाऱ्या हवेचा किंवा उष्णतारोधनातील खंडाचा म्हणून अहवालात जातो. भर श्रावणात हवाच इतकी दमट असते की बाष्पीभवन मंदावते आणि तीच ओल कॅमेऱ्याला दिसतही नाही. ओलावामापक सोबत असल्याशिवाय भिंतीविषयी मत देऊ नये. आत आणि बाहेर दहा अंशांचा फरक असताना चित्रण करावे हा थंड देशांतील नियम उघड्या खिडक्यांच्या घराला लागूच होत नाही. येथे छताचे चित्रण उन्हाच्या भरात आणि सूर्यास्तानंतर, असे दोनदा करणे अधिक उपयुक्त असते.

कवचाचे गणित

इको निवास संहिता २०१८ हा निवासी इमारतींच्या बाह्य कवचाचा संकेत आहे. तिच्यात थंड प्रदेश वगळता इतरत्र भिंती-खिडक्यांतून शिरणाऱ्या उष्णतेचे मूल्य, म्हणजे आरईटीव्ही, दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा जास्त नसावे अशी अट आहे; छताचे यू-मूल्य (आत-बाहेर एक अंश फरक असताना दर चौरस मीटरमधून जाणारी उष्णता, वॅटमध्ये) १.२ च्या वर जाऊ नये आणि उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणारे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावे. कोकण याच प्रदेशात मोडते. आरईटीव्हीच्या सूत्रातले गुणक हवामान-प्रदेशानुसार बदलतात; सरावासाठी दिलेल्या उदाहरणातला संमिश्र हवामानाच्या प्रदेशाचा गुणक तसाच वापरणे ही चूक दिसायला लहान असली तरी सगळे उत्तर बदलते.

त्याहून मोठी चूक छज्जा विसरण्याची. समजा बाह्य पृष्ठाच्या ८५ टक्के भागावर यू-मूल्य २ असलेली भिंत आहे आणि १५ टक्के साधी काच आहे, जिचे यू-मूल्य ५.८ व सौर उष्णता गुणांक (पडणाऱ्या उन्हाच्या उष्णतेपैकी आत येणारा हिस्सा) ०.८ आहे. भिंत, काचेतील वहन आणि काचेतून येणारे ऊन यांचे उष्ण-दमट प्रदेशासाठीचे गुणक अनुक्रमे ५.१५, १.३१ आणि ६५.२१ आहेत. दिशेचा गुणक सोयीसाठी एक धरल्यास भिंतीतून ८.७६, काचेच्या वहनातून १.१४ आणि काचेतून येणाऱ्या उन्हाचे ७.८३, मिळून १७.७ येतात; म्हणजे इमारत नापास. आता पावसासाठी बांधलेल्या खोल छज्ज्यामुळे काचेचा परिणामी गुणांक ०.५ वर आला असे धरा. उन्हाचा भाग ४.८९ होतो, बेरीज १४.८ येते आणि तीच इमारत उत्तीर्ण होते. कारखानदाराच्या पत्रकावरील काचेचा गुणांक थेट वापरणारा प्रशिक्षणार्थी अशा वेळी मालकाला महागडी काच घ्यायला लावतो. कोकणातील पागोळ्या आणि पडव्या पिढ्यान्पिढ्या हे काम करत आल्या आहेत. त्यांची लांबी मोजून गणितात आणणे एवढेच आपल्याकडे उरते.

स्लॅबवरच्या पत्र्याच्या शेडचेही तसेच. गळती थांबवण्यासाठी गच्चीवर उभारलेली ही शेड कोकणात घराघरांवर दिसते, पण अहवालात छताचे वर्णन ‘उघडा आरसीसी स्लॅब’ असेच येते. बाजूंनी मोकळी शेड स्लॅबला दिवसभर सावली देते. ती बाजूंनी बंद करून खोली केली की हिशेब पुन्हा बदलतो. निसर्ग (जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) या वादळांनंतर जेथे कौलांच्या जागी पत्रा आला आहे, तेथे जुन्या आराखड्यावर विसंबू नये. शिडी लावून छत पाहावे.

ओलावा विसरून केलेल्या शिफारशी

‘एसी चालू असूनही भिंतीवर बुरशी येते’ ही किनाऱ्यावरील हॉटेलांची नेहमीची तक्रार असते. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे २७ अंश असतो. ती हवा फटीतून शिरून २३-२४ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की तेथे पाणी सुटणारच. अशा वेळी अधिक टनांचा एसी सुचवणे हा आगीत तेल ओतण्याचा प्रकार होतो, कारण गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटकन गार करून थांबते आणि हवेतील बाष्प काढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. क्रमाने पाहावे: दारा-खिडक्यांच्या फटी, स्नानगृहाचा सतत चालणारा एक्झॉस्ट, यंत्राची क्षमता, ठेवलेले तापमान, आणि मग भिंतीचा आतील लेप. परदेशी पुस्तकातील बाष्परोधक पडदा उबदार खोलीच्या आतल्या बाजूने असतो. आपल्याकडे वातानुकूलित खोलीत बाष्प बाहेरून आत येते, म्हणून तो बाहेरच्या बाजूला हवा. आतून लावलेला विनाइलचा वॉलपेपर नेमका उलट काम करतो आणि त्याच्या मागे बुरशी पोसतो.

वाळ्याचा कूलर सुचवू नये, एवढे सांगणे पुरे. अशा हवेत तो जेमतेम दोन अंश उतरवतो आणि खोली आणखी दमट करतो. पांढऱ्या परावर्तक रंगाची शिफारस चांगली आहे, पण एका पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते, म्हणून दर दिवाळीआधी धुण्याचा खर्च परतफेडीच्या गणितात घालावा.

परतफेडीच्या गणितात आणखी एक गृहीतक निमूटपणे शिरते, ते म्हणजे यंत्राचे आयुष्य. पंचतारांकित एसी दहा वर्षे टिकेल असे धरून बचत मांडली जाते, पण समुद्रासमोरच्या घरात खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या युनिटच्या धातूच्या पातळ पट्ट्या (फिन) त्याआधीच गळू लागतात आणि कार्यक्षमता तर त्याच्याही आधी घसरते. गंजरोधक लेपाचे कॉइल आहे का, युनिट वाऱ्याच्या आडोशाला बसवता येईल का आणि ते गोड्या पाण्याने नियमित धुतले जाते का, हे शिफारशीतच लिहावे. त्या गावात एसी किती वर्षांनी बदलावा लागतो हे स्थानिक मेकॅनिकला विचारून तोच आकडा परतफेडीत धरावा, आणि तो कोठून घेतला हे तळटीपेत नोंदवावे.