नवशिक्याला उत्तर देताना या चुका टाळा

१० आणि २० ची बेरीज १०२० येतेय, काय चुकलं? प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागलेल्यांचा हा नेहमीचा प्रश्न. त्याखाली 'आधी बेसिक शिकून ये' असं लिहिलेलं दिसलं की मला फार वाईट वाटतं. कारण उत्तर दोन ओळींचं आहे. पायथन ३ मध्ये टाइप केलेलं वाचणारं इनपुट फंक्शन नेहमी स्ट्रिंगच, म्हणजे मजकूरच देतं, आणि दोन स्ट्रिंगमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की त्या एकमेकींना चिकटतात. दोन्हींना इंट लावा, म्हणजे मजकुराचे आकडे होतील आणि ३० येतील. टोमणा मारायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढ्यात हे लिहून होतं.

'गूगल कर' ही त्याहून मोठी चूक. अशा मजकुराचा आकडा करण्याला म्हणतात तो 'टाइप कन्व्हर्जन' हा शब्दच ज्याला ठाऊक नाही, तो शोधणार काय? तो शब्द त्याच्या हातात द्या, पुढचं तो स्वतः शोधेल. डुप्लिकेट, म्हणजे आधीच विचारलेला, म्हणून प्रश्न बंद करतानाही तसंच. बंद करणं गैर नाही, पण जुन्या प्रश्नाच्या लिंकसोबत 'यातलं दुसरं उत्तर तुमच्या कोडला लागू पडतं' एवढं लिहाच.

माहिती अपुरी असेल तर 'प्रश्न नीट विचारा' म्हणून काही हाती लागत नाही. नेमकं मागा: ट्रेसबॅकची (एरर आल्यावर पायथन दाखवतं त्या मजकुराची) शेवटची ओळ, पायथनचं व्हर्जन, आणि कोड स्क्रीनशॉटऐवजी मजकुरात. एररचं नाव त्या शेवटच्या ओळीत असतं, हे नवख्याला बऱ्याचदा कुणी सांगितलेलंच नसतं.

आपल्याकडे टर्बो सी++ या जुन्या कंपायलरचा (कोड चालवण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रामचा) कोड दिसला की लोक तुटून पडतात. अहो, लॅबमध्ये तेच असेल तर पोरापोरींनी काय करावं? आधी कोडमधली चूक दाखवा. घरी नवा कंपायलर टाकून बघा, हे नंतर सांगा. मोडक्या इंग्रजीवरून तर कुणाला कधीच हिणवू नका. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटवर दुसऱ्याचा प्रश्न एडिट करता येतो, निमूटपणे सुधारा.

२००८ साली सुरू झालेल्या या स्टॅक ओव्हरफ्लोनं एप्रिल २०१८ मध्ये स्वतःच जाहीर कबूल केलं, की नव्या लोकांना तिथं परकं वाटतं. त्याच वर्षी नवी आचारसंहिता आली, आणि नव्यानं लिहिणाऱ्याच्या नावाजवळ तशी खूण दिसू लागली. ती खूण दिसली की आपलं उत्तर पाठवण्याआधी एकदा वाचा, आणि 'साधं', 'फक्त', 'एवढंही' हे शब्द काढून टाका.