ऐतिहासिक रहस्यकथेतला असामान्य नायक पटत नाही? या चुका टाळा

पेशवेकालीन पुण्यात घडणाऱ्या रहस्यकथांत एक नायक हमखास भेटतो. वय पंचविशीच्या आसपास. फारसी येते, संस्कृत येतं, दांडपट्टा येतो. विष नुसत्या वासावरून ओळखतो, पायाच्या ठशावरून माणसाचं वजन सांगतो आणि गोसाव्याचं सोंग घेतलं तर सख्खी आई ओळखणार नाही. दोन प्रकरणांत वाचक कंटाळतो. मग लेखकाला सल्ला मिळतो की त्याला जरा माणसात आणा, एखादं व्यसन द्या, लहानपणीचं दुःख द्या. हा सल्ला मला साफ चुकीचा वाटतो. दारू पिणारा सर्वज्ञही सर्वज्ञच राहतो. त्याला ही विद्या कुठे मिळाली आणि ती वापरायची मुभा कुणी दिली, एवढं कळलं तर वाचक बरंच काही मान्य करतो.

विद्येला घर नसणं

सगळ्यांत मोठी चूक हीच. अठराव्या शतकात बहुतेक विद्या घराण्यात, पेशात, जातीत बांधलेल्या होत्या. दरबारचा फारसी पत्रव्यवहार पारसनीस हे अधिकारी पाहत. माग काढणं हे रामोश्यांचं, भिल्लांचं, गावच्या जागल्याचं, म्हणजे राखणदाराचं, काम. एकाच माणसाला दोन्ही येत असेल तर त्याने कुठेतरी शीव ओलांडलेली असणार. लेखक ती गोष्ट अर्ध्या वाक्यात उरकतो. खरं तर तिथे एक अख्खं प्रकरण दडलेलं असतं.

माग काढण्याचंच घ्या. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात जागल्याची जबाबदारी दिली आहे. चोरी झाली की त्याने माग काढत शिवेपर्यंत जायचं आणि तिथे तो पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. मग पुढचं त्या गावाने पाहायचं. जिथे माग हरवला तिथल्या जागल्याच्या बोकांडी भरपाई, आणि त्याला झेपली नाही तर उरलेली गावावर. आता विचार करा. शिवेवर दोन जागले उभे आहेत. एक म्हणतो, पावलं तुमच्या हद्दीत गेली. दुसरा म्हणतो, ही तर गुराख्याची पावलं, चोर ओढ्यातून परत फिरला. दोघेही तरबेज आणि दोघांचीही घरची भांडीकुंडी पणाला लागलेली. अशा बापाच्या मागे पोरवयापासून फिरलेल्या मुलाने ओल्या मातीतल्या टाचेवरून काहीही सांगावं, मी मान डोलावीन. तीच गोष्ट वाड्यात वाढलेला फडणिशीतला कारकून सांगू लागला की पुस्तक खाली ठेवीन.

अफाट स्मरणशक्तीचंही तसंच. ती 'जन्मजात' आहे असं लिहून लेखक मोकळा होतो, आणि पुण्यात वेद घनपाठाने म्हणणारे घनपाठी असतात हे विसरतो. घनपाठात शब्द पुढून, मागून, पुन्हा पुढून गुंफत म्हणायचे असतात आणि त्यासाठी वर्षानुवर्षं गुरूसमोर बसावं लागतं. अशा मुलाने भिंतीआडचं संभाषण एकदा ऐकून जसंच्या तसं म्हणून दाखवलं तर पटेल. मात्र त्याची शिकवण कानाची आहे. गर्दीत एकदा पाहिलेला चेहरा त्याला तितकाच लख्ख आठवेल असं गृहीत धरू नका. एका विद्येच्या भांडवलावर तिच्या चुलत बहिणीही लेखक परस्पर घरात घेतो.

काळाच्या पुढचं ज्ञान

बोटांचे ठसे, शवविच्छेदन, सोमलाची (आर्सेनिक विषाची) चाचणी ही नेहमीची मंडळी. इंग्रज अधिकारी हर्शेलने बंगालमध्ये जंगीपूरला करारावर हाताचा छाप घेतला तो १८५८ मध्ये. कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग १८९७ चा. सोमल ओळखण्याची मार्शची चाचणी १८३६ ची आणि मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. या तारखा लेखक हल्ली तपासतात. फसतात ते दुसरीकडेच. नाना फडणविसांच्या काळातला नायक प्रेताला तेल लावून जखमा तपासतो आणि वर कौटिल्याचा दाखला देतो. अर्थशास्त्रात अकस्मात मेलेल्याच्या तपासणीचं प्रकरण आहे, तेलाचा उल्लेखही आहे. पण तो ग्रंथ दीर्घकाळ विस्मृतीत होता. म्हैसूरला शामशास्त्रींनी तो छापला १९०९ मध्ये. १७७५ च्या पुण्यातल्या नायकाकडे तो कसा आला याची वेगळी हकिकत तुम्हाला रचावी लागेल. रचा की, चांगली होईल!

त्यापेक्षा त्या काळाच्या हाताशी जे होतं ते वापरा. मराठी कागदांतली कालगणना ही तर रहस्यकथेची खाणच आहे. शक पाडव्याला बदलतो, पण दप्तरात वापरला जाणारा सुहूर सन मृग नक्षत्र लागल्यावर बदलायचा, आणि तो अरबी अंकनामांत लिहीत. म्हणजे १७७३ च्या वैशाखातल्या पत्रावर अजून 'सलास सबैन मया व अलफ' (११७३) असायला हवं. बनावट कागद करणाऱ्याने पाडव्याला साल पालटलं असं समजून 'अर्बा सबैन' (पुढचं साल, ११७४) लिहिलं की तो सापडला. दप्तरात केस पांढरे झालेल्या कारकुनाला हे एका नजरेत दिसेल. त्याला प्रतिभावान म्हणायचीही गरज नाही. नारायणरावांच्या खुनाभोवतीच्या 'ध चा मा'ची दंतकथा पुन्हा वापरण्यापेक्षा हा धागा किती ताजा आहे. असे कागद पाहायचे तर सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड आहेत. सगळे वाचू नका, पण एक तरी चाळा.

सगळे दरवाजे उघडे

नायक मध्यरात्री पेठांतून फिरतो. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडलेल्याला कोतवालाची माणसं धरत, हे त्याच्या गावीही नसतं. त्याला परवाना मिळवू द्या, लाच देऊ द्या, निदान एक रात्र चावडीत काढू द्या.

वेषांतराबद्दल वाचक सर्वांत संशयी असतो, आणि इथे खरा इतिहास मदतीला येतो. १८५७ मध्ये मुंबईच्या पोलिसांची सूत्रं चार्ल्स फोर्जेटकडे होती. हा साहेब वेष पालटून शहरात फिरायचा. सोनापुराजवळ गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी उठावाच्या बेतातल्या शिपायांच्या गुप्त बैठका होतात हे त्याने शोधलं आणि भिंतीआडून त्या ऐकल्या. कादंबरीत घातलं तर अतिशयोक्ती वाटेल. मग खरं का वाटतं? तो हिंदुस्थानातच जन्मला-वाढला होता, इथल्या भाषा त्याच्या तोंडी होत्या. गंगाप्रसादला धाकात घेण्याची सत्ता त्याच्याकडे होती. आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर कुणी विश्वास ठेवेना. आपले शिपाई असं करतील हे लष्करी अधिकाऱ्यांना मान्यच नव्हतं. त्यांना त्या भिंतीआड आणून बसवावं लागलं, तेव्हा त्यांनी आपल्याच माणसांचे आवाज ओळखले. १५ ऑक्टोबरला दोघा शिपायांना मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर तोफेच्या तोंडी दिलं. ज्यांना वाचवायचं त्यांनाच पटवता पटवता नायकाची दमछाक होते, हे बहुतेक लेखकांच्या ध्यानातच येत नाही.

बाकी सगळे मठ्ठ

याची खूण सोपी. नायक बोलला की समोरचा 'म्हणजे?' एवढंच विचारतो. तोतयाच्या बंडाकडे पाहा. सदाशिवरावभाऊ १७६१ मध्ये पानिपतावर पडले. त्यांच्या नावाने वावरणारा तोतया १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, त्याने कोकणात फौज उभी केली, किल्ले घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात त्याला देहांत शासन झालं. त्याच्यामागे गेलेले सगळेच मूर्ख नव्हते. कुणाला नानांची सत्ता नको होती, कुणाला भाऊ परत यायला हवे होते. तुमच्या नायकाला खोटं दिसतं आणि इतरांना दिसत नाही, तेव्हा इतरांना ते का पाहायचं नाही ते लिहा.

शेवटच्या प्रकरणातला दरबार

उलगडा होतो, पेशवे मान हलवतात, गुन्हेगार पाय धरतो. इथे चांगल्या चांगल्या कथा ढेपाळतात. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव मारले गेले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोष नारायणरावांचे काका राघोबादादा यांच्यावर ठेवला. तपास अचूक होता. तरी पेशवाईची वस्त्रं दादांनाच मिळाली आणि शास्त्री पुणं सोडून गेले. पुढच्या वर्षी दादांची गादी गेली ती बारभाईंच्या, म्हणजे एकत्र आलेल्या मुत्सद्द्यांच्या, कारस्थानामुळे. नायकाने खुनी ओळखल्यावर उरलेल्या पन्नास पानांत काय घडेल हे ठरवताना आधी बघा, त्या खुन्याच्या पदरी भाडोत्री गारदी किती आहेत.