कॅम्परचे छत: धुणे, तपासणे आणि सांधे भरणे

अमेरिकेत जुना कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली सहलीची गाडी, विकत घेणाऱ्याने आतला ओटा आणि पलंग पाहण्याआधी शिडी लावून छत पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. बहुतेक कॅम्परांच्या छतात वरच्या आवरणाखाली प्लायवूडसारखी पातळ फळी असते आणि ती एकदा भिजली की कुजत जाते. ईपीडीएम रबराचे आवरण जाडीला जेमतेम 1 मिलिमीटर असले तरी ते सहसा आपण होऊन फाटत नाही. पाणी शिरते ते हवेच्या झडपा, वातानुकूलन यंत्र, अँटेना आणि कडेच्या पट्ट्या यांच्या सांध्यांतून. छत धुण्याचा खरा उपयोग हे सांधे स्वच्छ दिसावेत हाच आहे.

आपले छत ईपीडीएमचे, टीपीओचे (एक प्रकारच्या लवचिक प्लास्टिकचे) की फायबरग्लासचे आहे, हे प्रथम माहितीपुस्तिकेत पाहावे, आणि छतावर माणसाने चढलेले चालते का, हेही तेथेच वाचून घ्यावे. ईपीडीएमवर हात फिरवला असता खडूसारखी पांढरी भुकटी लागते. उन्हाने रबराचा वरचा थर हळूहळू झिजत असल्याची ती खूण असून तिला घाबरण्याचे कारण नाही. चढणे शक्य नसेल, तर लांब दांड्याचा ब्रश घेऊन चारही बाजूंनी शिडीवरूनच काम करावे. चढायचेच असेल, तर अंगाचा भार एका जागी पडू नये म्हणून प्लायवूडची रुंद फळी अंथरावी आणि रबरी तळव्याचे बूट घालावेत, कारण साबणाचे पाणी पडलेले छत अतिशय निसरडे होते.

धुण्यास ढगाळ दिवस किंवा सकाळची वेळ निवडावी, म्हणजे साबण वाळून डाग पडत नाहीत. आधी पाने आणि काटक्या झाडून काढाव्यात, मग कॅम्परच्या भिंती वरपासून खालपर्यंत भिजवाव्यात. कोरड्या भिंतीवर ओघळलेली पांढरी भुकटी वाळली की तिचे पट्टे घासूनही लवकर निघत नाहीत. त्यानंतर भांड्यांचा सौम्य साबण पाण्यात मिसळून, मऊ ब्रशने एका वेळी 3 फूट लांब-रुंद एवढाच भाग घासावा आणि तो लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाकावा. रॉकेल, पेट्रोल, थिनर, तसेच संत्र्या-लिंबाच्या तेलाची साफसफाईची द्रावणे ईपीडीएमला कधीही लावू नयेत, कारण त्यांनी रबर फुगते आणि फळीपासून सुटते. जोरदार फवाऱ्याचे यंत्रही टाळावे. त्याचे पाणी सांध्याच्या कडेखाली घुसते.

छत वाळल्यावर प्रत्येक सांध्याशी थांबून तो बोटाने दाबून पाहावा. सीलंटला, म्हणजे सांधा बुजवणाऱ्या चिकट लेपाला, भेग पडली आहे का, त्याची कड उचलली आहे का, आणि भोवतालची फळी पायाखाली किंवा हाताखाली मऊ लागते का, हे पाहायचे. फळी मऊ लागली, तर पाणी पूर्वीच आत गेले आहे असे समजावे. अशा जागी वरून सीलंट थापल्याने ओल आतच कोंडते, म्हणून ती जागा उघडून फळी बदलावी लागते. वातानुकूलन यंत्राखाली 14 इंच लांब-रुंद चौकोनी छिद्राभोवती फोमची गादी असते आणि ती काळाने दबते. तिचे बोल्ट आतून घट्ट करता येतात, मात्र पुस्तिकेत सांगितले आहे त्याहून अधिक आवळू नयेत.

सांधा भरताना सुटलेले सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे, पक्के चिकटलेले तसेच राहू द्यावे, आणि जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसावी. सपाट भागासाठी आपोआप पसरणारे आणि उभ्या कडांसाठी न ओघळणारे, अशी दोन वेगळी सीलंटे मिळतात. प्रत्येक स्क्रूचे डोके पूर्ण झाकले जाईल इतके ते घालावे. साधे सिलिकोन मात्र वापरू नये. आम्ही घेतलेल्या जुन्या कॅम्परच्या झडपेभोवती आधीच्या मालकाने तेच लावले होते; ते रबराला नीट धरत नव्हते आणि त्याच्यावर दुसरे काही चिकटतही नव्हते, त्यामुळे ते कणाकणाने खरवडून काढण्यातच आमचा पूर्ण शनिवार गेला.

कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात, तशी ही तपासणी ऋतू पाहून करावी: एकदा वसंतात, आणि एकदा थंडी पडण्यापूर्वी, कारण भेगेतले पाणी गोठून फुगले की भेग रुंदावते. नवे सीलंट वाळेपर्यंत पाऊस येणार नाही, असे सलग कोरडे दिवस हवामानाच्या अंदाजात पाहूनच हे काम हाती घ्यावे.