घरच्या घरी ग्रिल्ड सुरमई-कोळंबीचे टाको आणि आंब्याचा ताजा साल्सा

टाको म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांना ते पाकिटातलं कडक, यू आकाराचं कवच आठवतं, आत राजमा आणि वरून भरपूर चीज. ते टाकोचं अमेरिकन रूप. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर टाको म्हणजे तळहातात मावेल एवढी मऊ गरम टॉर्टिया (तिकडची पातळ पोळी), त्यात नुकताच शिजलेला मासा, थोडा कोबी, साल्सा (कोशिंबिरीसारखी ताजी चटणी) आणि वरून पिळलेलं लिंबू. बाहा कॅलिफोर्नियातल्या एन्सेनादाचे टाको पिठात बुडवून तळलेल्या माशाचे असतात, पण खाली सिनालोआ आणि नायारित या राज्यांकडे गेलं की विस्तवावर भाजलेला मासा भेटतो. तिथे अख्खा मासा मधोमध उघडून, लाल मिरचीचं वाटण चोळून, दोन जाळ्यांच्या मधे धरून लाकडाच्या निखाऱ्यांवर भाजतात, त्याला सारांदेआदो म्हणतात. आपण आज जे करणार आहोत ते त्याच्या जवळचं, फक्त घरच्या गॅसवर किंवा छोट्या शेगडीवर जमेल असं.

आणि हे आपल्याकडे इतकं छान जमतं त्याला कारणं आहेत. मेक्सिकोत सिएरा नावाचा मासा खूप खातात, तो आपल्या सुरमईच्याच कुळातला, अगदी जवळचा भाऊबंद. मिरची, मका, टोमॅटो, अननस, पपई, पेरू हे सगळं त्या बाजूच्या खंडातून आपल्याकडे आलं आणि आंबा आशियातून तिकडे गेला. 1565 ते 1815 पर्यंत मनिला ते आकापुल्को अशी स्पॅनिश गलबतं चालायची, त्या वाटेने फिलिपिन्सचा आंबा मेक्सिकोत पोचला, तिथे आजही एका आंब्याचं नावच मनिला आहे. मेक्सिकोत रस्त्यावर आंब्याच्या फोडी लिंबू, मीठ आणि लाल तिखट लावून विकतात, म्हणजे आपण शाळेबाहेर कैरीला तिखटमीठ लावून खायचो तसंच अगदी. त्यामुळे मासा आणि आंबा हे कॉम्बिनेशन ऐकून नाक मुरडू नका, एकदा करून बघा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, याला आपला फिश फ्राय मसाला लावायचा नाही. आगळ, मालवणी मसाला, रव्याचं कोटिंग, हे सगळं मला जीव की प्राण आहे पण इथे नको, कारण मग आंब्याची चवच लागत नाही आणि हाताशी येते ती चपातीत गुंडाळलेली तळलेली तुकडी. इथे मसाला कमी, धुराचा वास जास्त आणि फळाचा आंबटगोडपणा वर, असं हवं.

मासा कसा घ्यायचा

चार जणांसाठी साधारण अर्धा किलो सुरमई आणि पाव किलो मोठी कोळंबी पुरते. सुरमई नसेल तर रावस, घोळ किंवा हलवा चालेल. बांगडा चवीला उत्तम पण काटे काढता काढता मासा गार होतो. पापलेट मी यात वापरत नाही, नाजूक आहे आणि एवढ्या महाग माशाला साल्साखाली का लपवायचं.

आता इथे बहुतेक जण बोनलेस मागतात आणि मग तो मासा जाळीवर चिकटून त्याचा भुगा होतो. मासेवालीला सांगायचं की मावशी, तुकड्या जाड पाडा, बोटाएवढ्या, आणि कातडी राहू द्या. मधला काटा आणि कातडी असली की तुकडी जाळीवर एकसंध राहते, उलटताना मोडत नाही, आणि भाजून झाल्यावर मधला काटा बोटांनी सहज निघून येतो. मग हाताने मोठे मोठे तुकडे मोडायचे, त्या वेळी राहिलेले काटे पण हाताला लागतात ते काढून टाकायचे, लहान मुलं खाणार असतील तर हे दोनदा बघा. कोळंबी सोलून, पाठीला चीर देऊन काळा दोरा काढून घ्यायची, शेपटी ठेवली तरी चालते पण टाकोत खाताना मधेच लागते म्हणून मी काढते.

एप्रिल-मे मधे आंबा आणि ताजा मासा दोन्ही मिळतात, हाच याचा खरा सीझन. जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते आणि हापूसही संपत आलेला असतो.

वाटण

मेक्सिकोत ग्वाहियो नावाची सुकी मिरची वापरतात, रंगाला गडद आणि तिखटाला बेताची. आपली ब्याडगी त्या जागी फार सुंदर बसते. सात-आठ ब्याडग्या बिया काढून गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, मग त्यात पाच-सहा लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, दोन मोठे चमचे संत्र्याचा रस, एक मोठा चमचा तेल आणि पाऊण चमचा मीठ घालून अगदी बारीक वाटा. पिझ्झासोबत येणारी ओरेगॅनोची पुडी घरात पडलेली असतेच, ती एक घाला. पाणी घालायचंच नाही किंवा भिजवलेल्या मिरचीचंच चमचाभर घालायचं, वाटण घट्ट हवं. पातळ झालं तर मासा भाजण्याऐवजी उकडल्यासारखा होतो.

यातलं एक-दोन चमचे वाटण कच्च्या माशाला लावायच्या आधीच वेगळ्या वाटीत काढून ठेवा, नंतर सॉसला लागणार आहे. एकदा कच्च्या माशाचा हात लागला की ते वाटण परत वापरायचं नाही.

मासे आणि कोळंबी धुवून कोरड्या फडक्याने किंवा टिश्यूने टिपून घ्या, नीट टिपून, पाणी राहिलं की चटका बसत नाही. मग वाटण चोळून फ्रीजमधे अर्धा तास. लिंबू पिळायचं असेल तर भाजायच्या फक्त दहा-पंधरा मिनिटं आधी पिळा. लिंबाच्या आम्लाने माशाचं बाहेरचं प्रोटीन विस्तवाशिवायच घट्ट होतं, सेविचे नावाचा लॅटिन अमेरिकन पदार्थ याच तत्त्वावर करतात, पण आपल्याला भाजायचं आहे आणि आधीच घट्ट झालेली कोळंबी भाजली की रबर होते. कच्चा अननस आणि कच्ची पपई तर वाटणात अजिबात नको, त्यांच्यातल्या एन्झाइमने मासा लगदा होतो.

साल्सा

आंबा पिकलेला पण दाबला तर बोट आत न जाणारा हवा. आमरसाला घेतो तसा मऊ आंबा घेतला की साल्साचा आमरसच होतो. दोन मध्यम हापूस किंवा एक मोठा तोतापुरी, त्याच्या साधारण एक सेंटिमीटरच्या फोडी करा. एक छोटा कांदा बारीक चिरून पाच मिनिटं गार पाण्यात ठेवून निथळून घ्या, त्याचा उग्रपणा जातो. एक-दोन हिरव्या मिरच्या बारीक, मूठभर कोथिंबीर कोवळ्या देठांसकट, अर्धी काकडी बिया काढून बारीक चिरून, एका लिंबाचा रस आणि पाव ते अर्धा चमचा मीठ.

मीठ आणि लिंबू मात्र शेवटी, अगदी मासा विस्तवावरून उतरेल तेव्हा. आधी घातलं की फळाला पाणी सुटतं आणि टॉर्टिया खालून भिजून फाटते. चिरून सगळं वेगवेगळं फ्रीजमधे ठेवा, साल्सा गार आणि मासा गरम हा फरक एका घासात लागला पाहिजे, माझ्या मते या पदार्थात यापेक्षा महत्त्वाचं काही नाही. गोडावर आंबटपणा किंचित जास्त हवा, त्यामुळे आंबा फारच गोड निघाला तर थोडी कैरी किसून घाला, काय सुंदर लागते.

आंब्याचा सीझन नसेल तर अननसाच्या चकत्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून मग चिरायच्या, हा साल्सा कोळंबीबरोबर आंब्यापेक्षाही चांगला लागतो असं माझं मत. थंडीत पेरू आणि संत्रं. पपई चालते, पण जरा कडक. कलिंगड नको, नुसतं पाणी.

टॉर्टिया

मक्याची खरी टॉर्टिया आपल्या नेहमीच्या मक्याच्या पिठाची होत नाही. मेक्सिकोत सुका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, धुवून मग दळतात. चुन्यामुळे दाण्याचं साल सुटतं, पीठ एकमेकाला धरतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्वही अंगी लागतं. हे पीठ मासा हरिना नावाने ऑनलाइन मिळतं, नावातल्या मासाचा आपल्या माशाशी संबंध नाही. दोन कप पिठाला साधारण दीड कप कोमट पाणी आणि अर्धा चमचा मीठ घालून मऊ मळायचं, ओल्या फडक्याखाली वीस मिनिटं ठेवायचं. लिंबाएवढा गोळा घेऊन दाबून बघा, कडेला भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावून परत मळा. प्लास्टिकच्या दोन कागदांमधे गोळा ठेवून जड सपाट बुडाच्या पातेल्याने दाबला की पंधरा सेकंदात गोल टॉर्टिया तयार, लाटायची गरज नाही. तापलेल्या तव्यावर आधी एक बाजू अर्धं मिनिट, उलटून एक मिनिट, परत उलटली की टम्म फुगते. कापडात गुंडाळून पोळ्यांच्या डब्यात ठेवायच्या, पाच-दहा मिनिटं अशा वाफेत राहिल्या की जास्त मऊ होतात.

हे पीठ नसेल तर हिरमुसू नका. उत्तर मेक्सिकोत गव्हाच्या टॉर्टिया घरोघरी खातात. एक कप मैदा, एक कप कणीक, तीन मोठे चमचे बटर किंवा तेल, मीठ आणि कोमट पाणी, अर्धा तास मुरवून पातळ छोट्या लाटा आणि तेल न लावता भाजा. रोजच्या पोळीत पण चालतं, फक्त घडीची नको, फुलका बरा.

भाजणं

कोळसा असेल तर गच्चीत किंवा अंगणात, घरात आणि बंद बाल्कनीत बिलकुल नाही, कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वासही नसतो. ज्वाळा विझून निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की जाळी ठेवा. गॅसवर करणार असाल तर बिडाचा तवा किंवा ग्रिल पॅन मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं चांगला तापवा, पाण्याचा थेंब टाकला की नाचत उडाला पाहिजे. तेल तव्यावर ओतू नका, माशाला चोळा.

तुकडी ठेवली की तीन मिनिटं तिला हात लावायचा नाही. इथेच घाई होते. खालची बाजू नीट भाजली गेली की मासा आपोआप जाळी सोडतो, उलथनं घातलं आणि चिकटतोय असं वाटलं तर अजून अर्धं मिनिट थांबा, ओढू नका. उलटून दुसरी बाजू अजून अडीच-तीन मिनिटं. मधल्या काट्याजवळ सुरीचं टोक घालून बघा, आतलं मांस काचेसारखं न दिसता पांढरं दिसलं आणि पापुद्रे सुटायला लागले की झालं. थर्मामीटर असेल तर आत 63 अंश सेल्सियस. कोळंबी प्रत्येक बाजूला दीड-दोन मिनिटंच, ती वाकून इंग्रजी सी सारखी झाली आणि गुलाबी झाली की लगेच काढा, पूर्ण गोल वेटोळं झालं म्हणजे उशीर झाला. जाळीवर करताना कोळंबी बांबूच्या काड्यांना लावा, काड्या अर्धा तास पाण्यात भिजवलेल्या हव्यात नाहीतर जळतात.

मासा दोन मिनिटं ताटात विसावतोय तोवर साल्सात मीठ-लिंबू घाला आणि सॉस करून घ्या. अर्धी वाटी चक्का, दोन चमचे मेयोनीज, बाजूला ठेवलेलं ते वाटण, थोडं लिंबू, थोडं मीठ, पाण्याने जरा सैल. चक्का नसेल तर दही तासभर टांगून ठेवा, नुसतं दही ओघळतं.

भरायचं कसं

कोबी केसासारखा बारीक चिरून चिमूटभर मीठ आणि लिंबू लावून घ्या. टॉर्टिया परत एकदा आचेवर दोन्हीकडून दहा-दहा सेकंद गरम करा. आधी कोबी, त्यावर मासा किंवा कोळंबी, मग साल्सा चमच्याने निथळून, आणि शेवटी सॉसची एक रेघ. कोबी खाली असला की तो पाणी धरतो. मक्याच्या टॉर्टिया पातळ झाल्या असतील तर दोन एकावर एक घ्या, मेक्सिकोत गाड्यांवर सर्रास तसंच देतात. चीज घालू नका. सिनालोआत कोळंबीचे चीज घातलेले टाको असतात आणि छान असतात, पण त्यात फळाचा साल्सा नसतो, दोन्ही एकत्र आलं की तोंडात नुसता जडपणा येतो.

सगळे टाको आधी भरून ताटं मांडायच्या भानगडीत पडू नका, सगळं वाट्यांमधे मधे ठेवा, टॉर्टिया डब्यात, लिंबाच्या फोडी बाजूला, ज्याने त्याने आपला भरून लगेच खायचा. करणाऱ्यालाही मग गरम खायला मिळतं.

उरलेला मासा दुसऱ्या दिवशी तव्यावर परतून पोळीच्या रोलमधे छान लागतो. वाटण फ्रीजमधे वरून तेलाचा थर देऊन चार-पाच दिवस राहतं, पनीर किंवा मक्याच्या कणसाला लावून बघा. साल्सा मात्र त्याच दिवशी संपवायचा, दुसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटून कांद्याचा वास येतो.