जेसप मूटची तयारी करणाऱ्या संघासाठी

फिलिप सी. जेसप आंतरराष्ट्रीय कायदा मूट कोर्ट (अभिरूप न्यायालय) स्पर्धेचे काल्पनिक प्रकरण, म्हणजे कॉम्प्रोमी, सप्टेंबरच्या सुमारास हाती पडते आणि त्याच रात्री प्रत्येक जण निवाडे शोधू लागतो. तसे न करता आधी सर्वांनी एकत्र बसून ते परिच्छेदवार वाचावे, आणि वादातील दोन्ही राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे नेमके काय मागितले आहे ते वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावे. हा कागद जपून ठेवावा. मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, दोन्ही बाजूंची लिहायची असतात, हे सांगायला नकोच. न्यायालयाच्या संविधीतील अनुच्छेद 38 (कायद्याचे स्रोत) आणि करारांच्या कायद्याविषयीच्या 1969 च्या व्हिएन्ना करारातील अनुच्छेद 31 व 32 (करारांचा अर्थ लावण्याचे नियम) सर्वांना मुखोद्गत हवेत. एखादे राष्ट्र त्या कराराचा पक्ष नसेल, तर तेच नियम रूढीचे, म्हणजे राष्ट्रांच्या प्रथेतून सर्वांवर बंधनकारक झालेले, म्हणून मांडावे लागतात.

मेमोरियलमधील मागणीचे पान मात्र शेवटच्या रात्री लिहू नये. गेल्या वेळी आम्ही तेच केले, आणि ‘कायद्याचा भंग झाला असे धरू, पण न्यायालयाने आता करावे काय?’ या प्रश्नावर आमच्याकडे उत्तर नव्हते. भंग सिद्ध झाला की हवे ते मिळते, या भ्रमात कोणी राहू नये. कुलभूषण जाधव प्रकरणात भारताने लष्करी न्यायालयाची शिक्षा रद्द करून सुटका मागितली होती. 17 जुलै 2019 च्या निकालात वाणिज्यदूतविषयक व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद 36 चा भंग मान्य झाला, तरी सुटकेचा आदेश मिळाला नाही. दोषसिद्धी आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार पाकिस्तानने करावा, एवढेच न्यायालयाने सांगितले, कारण बेकायदा ठरली ती वाणिज्यदूताची भेट नाकारण्याची कृती, शिक्षा नव्हे. वाणिज्यदूताच्या मदतीच्या हक्कावरच्याच लाग्रांड (2001) आणि अवेना (2004) या निवाड्यांची दिशाही हीच आहे. म्हणून प्रत्येक मागणीपुढे ती कोणत्या भंगातून निघते आणि पूर्वस्थिती, भरपाई की समाधान (चूक मान्य करणे, माफी यांसारखी दाद) यांपैकी कशात बसते, ते राष्ट्रांच्या जबाबदारीविषयीच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या 2001 च्या अनुच्छेदांच्या आधाराने लिहावे. कॉर्फू सामुद्रधुनी प्रकरणात (1949) ब्रिटिश नौदलाने अल्बेनियाच्या सार्वभौमत्वाचा भंग केला, ही न्यायालयाची घोषणाच पुरेसे समाधान मानली गेली. नुसती घोषणा मागण्यात कमीपणा नाही, मात्र ती का पुरते हे सांगता आले पाहिजे. प्रतिवादी बाजूनेही मागणीचे पान तितक्याच काळजीने तयार करावे. ‘दावे फेटाळावेत’ या एका ओळीवर भागत नाही.

मेमोरियल जानेवारीत पाठवायची असतात. पानांचे क्रमांक, तळटीपा, मुदत हे नेहमीचेच. तोंडी फेरीत दोन वक्त्यांना मिळून 45 मिनिटे असतात आणि प्रत्युत्तराचा वेळही त्यातूनच जातो. सरावाला आडवे प्रश्न विचारणारे सीनियर बसवावेत. सरावात वेळ संपत आली की मागणी गाळण्याचा मोह होतो. ती गाळू नये, दुसऱ्या वक्त्याने तिच्यासाठी दोन मिनिटे राखूनच उभे राहावे. छापील प्रती, कोट, पाणी ज्याचे त्याने पाहावे.