नायट्रो गाडी पहिल्यांदा सुरू करण्याआधी: दोरी, हातातला स्टार्टर की बॉक्स

नायट्रो इंधनावर (यात मुख्यतः मिथेनॉल असते) चालणारी रिमोटची गाडी घेताना वेगाची आणि किमतीची चौकशी सगळेच करतात. इंजिन फिरवायचे कशाने, हा प्रश्न मात्र बहुधा पहिली दोरी तुटल्यावर पडतो. माझे सगळे सुटे भाग आजवर बेळगावात कुरिअरनेच आले आहेत, आणि एका स्प्रिंगसाठी आठवडाभर गाडी कपाटावर ठेवून बसल्यानंतर ही तयारी लिहून ठेवावीशी वाटली.

सर्वप्रथम इंजिनाची मागची बाजू पाहावी. तेथे दोरीचे गोल घर असेल तर ते दोरीने फिरते. दांडा घालण्याचे भोक असेल तर हातात धरायचा, बॅटरीवर चालणारा इलेक्ट्रिक स्टार्टर लागतो. आणि नुसते सपाट झाकण असेल तर स्टार्टर बॉक्सखेरीज, म्हणजे जिच्यावर गाडी ठेवून इंजिन फिरवतात त्या मोटारीच्या पेटीखेरीज, गत्यंतर नाही. बॉक्स वापरायचा असेल तर चासीला (गाडीच्या तळाच्या पत्र्याला) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, बरोबर खाली भोक आहे का, हेही पाहावे, कारण बॉक्समधले रबरी चाक त्या भोकातूनच फ्लायव्हीलला टेकते. सपाट झाकणाच्या इंजिनाला पुढे दोरी बसवू म्हटले तर बहुतेक वेळा क्रँकशाफ्टही (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) बदलावा लागतो, म्हणून ही तपासणी पैसे देण्याआधीची आहे.

इंजिन एकाहून अधिक पद्धती चालवून घेत असेल, तर निवड करताना मेहनत किती वाचते याचा विचार दुय्यम मानावा. सिलिंडरमध्ये इंधन जास्त झाल्याचे आपल्याला केव्हा कळते, हा खरा फरक आहे. इंधन कार्बोरेटरपर्यंत यावे म्हणून आपण सायलेन्सरच्या तोंडावर बोट ठेवून दोन-तीनदा दोरी ओढतो, ते प्रमाणाबाहेर झाले की इंधन पिस्टनच्या डोक्यावर साचते, आणि द्रव पदार्थ हवेसारखा दाबला जात नसल्याने पिस्टन वर पोहोचण्याआधीच अडतो. दोरी धरलेल्या हाताला हे तत्काळ जाणवते. हातातल्या इलेक्ट्रिक स्टार्टरमध्ये मात्र गिअर असतात, आणि अडल्याचे आपल्या लक्षात येईपर्यंत त्याने जोर लावून पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकवलेला असू शकतो. बॉक्सचे रबरी चाक अशा वेळी निदान घसरते तरी.

हाताला जाणवले तरी ऐकले पाहिजे, हा धडा मी येळ्ळूरच्या बाजूला, भात कापून मोकळ्या झालेल्या एका शेतात शिकलो. दोरी मध्येच घट्ट लागली, बघणारी मुले भोवती जमलेली होती, आणि मी पाय रोवून ओढली. मूठ हातात राहिली आणि दोरी घरात सर्रकन गुंडाळली गेली. अशा वेळी ग्लो प्लग (इंजिनाच्या डोक्यात बसणारा, तापल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) काढावा, भोकावर फडके धरून गाडी उलटी करावी आणि इंजिन चार-पाच वेळा फिरवून इंधन बाहेर पडू द्यावे. फडके नसेल तर ते थेट डोळ्यांत उडते. दोरी कधीही वीतभर किंवा फार तर सव्वा वीत, झटपट आणि सरळ रेषेत ओढावी, शेवटपर्यंत खेचू नये.

बॉक्स घेण्याचे ठरले तर त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. बरेच बॉक्स ७.२ व्होल्टच्या दोन पॅकवर किंवा १२ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालतात. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी कोणत्याही कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मिळते. चाक कोणत्या दिशेने फिरते हे गाडी ठेवण्याआधी पाहावे आणि गाडी अडवणारे खुंट असे बसवावेत की चाक फ्लायव्हीलच्या मधोमध टेकेल. चासीच्या भोकातून माती आत जाते, याची मात्र तयारी ठेवावी: खानापूरकडची तांबडी धूळ फुंकून जाते, अथणी-गोकाककडची काळी माती ओली असली तर काडीने कोरावी लागते.

पद्धत कोणतीही असो, ग्लो प्लग तापला नाही तर इंजिन फिरते, पेटत नाही. प्लग काढून इग्नायटरला (प्लग तापवणाऱ्या, सेलवरच्या साधनाला) लावून पाहावा. तार नारिंगी झाली पाहिजे. इग्नायटरमधला सेल १.२ ते १.५ व्होल्टचा असतो. बॉक्सच्या १२ व्होल्टच्या तारा प्लगला लावल्या तर तार क्षणात जळते. प्लगची प्लॅटिनमची तार आणि मिथेनॉल यांच्या संयोगावरच हे इंजिन पेटत राहते, म्हणून इंधन संपले तर स्कूटरमधले पेट्रोल ओतण्याचा विचारही करू नये.

नवे इंजिन वरच्या टोकाला मुद्दामच घट्ट बनवलेले असते, कारण स्लीव्ह (पिस्टन जिच्यात वर-खाली होतो ती नळी) वर अरुंद होत जाते आणि तापल्यावर पिस्टनला योग्य जागा मिळते. डिसेंबरच्या सकाळी बेळगावात हे घट्टपण अधिकच जाणवते. घरून निघण्याआधी हेअर ड्रायरने इंजिनाचे डोके चांगले गरम करून ते जाड कापडात गुंडाळून न्यावे. ३.५ सीसीचे कोरे इंजिन असेल तर पहिल्या काही टाक्या बॉक्सवरच काढाव्यात, असे माझे मत आहे, २.१ सीसीच्या लहान इंजिनाला आणि एकाच गाडीच्या मालकाला दोरी पुरेशी आहे, फक्त एक जादा दोरी आणि स्प्रिंग पेटीत हवी.

शेतात पोहोचल्यावर आधी रिमोट सुरू करावा, मग गाडीतला रिसीव्हर. चाके जमिनीवरून उचललेली असावीत. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्वाला उन्हात दिसत नाही, म्हणून पाण्याची कळशी आणि ओले गोणपाट हाताशी ठेवावे, बाटलीचे झाकण आधी लावावे आणि मगच इग्नायटर जोडावा. इंजिन स्थिर चालू लागले की इग्नायटर काढून घ्यावा. दिवसाच्या शेवटी टाकी रिकामी करून, उरलेले इंधन जळून जाऊ द्यावे, इंजिनात दोन थेंब तेल सोडावे आणि फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन खाली आणून ठेवावा, म्हणजे थंड होताना तो स्लीव्हमध्ये आवळला जात नाही आणि पुढच्या रविवारी दोरी पहिल्याच ओढीला अडत नाही.