गाठ पहिल्यापेक्षा लहान आहे, एवढ्याने भागत नाही

कोल्हापुरात कर्करोगावरील औषधांच्या चाचण्यांसाठी सीटी स्कॅनवरच्या गाठी मोजण्याचे काम मी हाती घेतले, तेव्हा औषधांचा अभ्यास पक्का होता आणि पडद्यावरची गाठही ओळखता येत होती. तेवढ्यावर निभावेल हा माझा समज पहिल्याच वर्षी खोटा ठरला.

गाठींच्या मापांवरून उपचाराचा परिणाम ठरवण्याचे २००९ सालचे रेसिस्ट १.१ निकष तुम्ही, म्हणजे या कामात नव्याने येणाऱ्यांनी, वाचलेले असतील, म्हणून गाठी कशा निवडायच्या हे सांगत नाही. मी फसले ते तुलनेत. एका रुग्णाच्या गाठींच्या व्यासांची बेरीज उपचारापूर्वी १०० मिलिमीटर होती, पुढे ती ६० वर आली आणि नंतरच्या सीटीत ७५ भरली. मी ७५ ची तुलना १०० शी केली, २५ टक्के घट पाहिली आणि ‘आजार स्थिर’ असे लिहून मोकळी झाले. आजार वाढला का, हे ठरवताना मात्र तुलना तोवरच्या सर्वांत कमी बेरजेशी करायची असते. ६० चे ७५ होणे म्हणजे २५ टक्के वाढ; निकष २० टक्के आणि शिवाय किमान ५ मिलिमीटर वाढीचा आहे, आणि येथे ती १५ मिलिमीटर होती. उलट, आंशिक प्रतिसादासाठी, म्हणजे औषधाने गाठी पुरेशा आकसल्या असे म्हणण्यासाठी, लागणारी ३० टक्के घट उपचारापूर्वीच्या बेरजेवरूनच मोजतात. एकाच तक्त्यात असे दोन आधार असल्यामुळे सर्वांत कमी बेरजेसाठी वेगळा रकाना ठेवा. माझी चूक लक्षात येईपर्यंत त्या गृहस्थांना उपयोग संपलेले औषध मिळत राहिले, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

अशा चुका पकडण्यासाठीच अनेक चाचण्यांत प्रतिमा तपासणारे दोन वाचक त्याच गाठी स्वतंत्रपणे मोजतात, त्यामुळे घाबरून हे काम सोडू नका. पण रेडिओलॉजी अहवालाची शेवटची ओळ उतरवून तक्ता भरण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. मार्गदर्शकही असा निवडा, जो तुमच्या शेजारी बसून स्वतः प्रतिमा उघडून पाहतो. त्याचे नाव किती मोठे आहे, याला माझ्या लेखी दुसरे स्थान आहे.

आपल्याकडे रुग्ण एक सीटी मिरजेत आणि पुढचा कोल्हापुरातल्या राजारामपुरीत करून येतो. स्लाइसची (प्रतिमेतल्या एका कापाची) जाडी किंवा कॉन्ट्रास्टची फेज (शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध दिल्यावर किती वेळाने प्रतिमा घेतली तो टप्पा) बदलली, तर यकृतातील तीच गाठ वेगळ्या मापाची दिसू शकते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. अशा अडचणीत सीटी उशिरा झाला, तर खरी तारीख आणि कारण लिहावे, तारीख कधीही मागे ओढू नये.

आता प्रत्येक रुग्णाच्या फाइलला मी एक चिठ्ठी लावते: स्लाइस ५ मिलिमीटरपेक्षा जाड नको, कॉन्ट्रास्टची फेज मागचीच ठेवावी आणि फिल्मसोबत सीडीही द्यावी.